अडलेली कोंबडी

कोंबडी आपलं दुखणं लपवते. घार, मुंगूस, रानमांजर ज्याच्यावर टपून असतात त्या जिवाला आजारी दिसून चालत नाही. शिवाय कळपातल्या बाकीच्या कोंबड्याही दुबळीला टोचायला कमी करत नाहीत. म्हणून ती दाणे टिपणाऱ्यांच्या घोळक्यात शिरते, मान खाली घालते, चोच मातीला लावते, पण दाणा उचलत नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, खातेय की. सकाळी खुराडं उघडून पसाभर कणी टाकली की लगेच आत वळायचं नाही, हे मी सासूबाईंकडून शिकले. त्या पदर खोचून तिथेच उभ्या राहायच्या. कोण आधी धावली, कोण मागे राहिली, कोणाची शेपटी खाली आहे, कोणाचा तुरा कालच्याहून फिका आहे, सगळं बघायच्या आणि मगच चुलीकडे जायच्या. तेवढ्या वेळात जे कळतं ते नंतर दिवसभर शोधून कळत नाही.

दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या काही वाड्यांमध्ये मी पशुसखी म्हणून काम करते. मानमोडीची लस पिल्लांच्या डोळ्यांत घालायची, जंताचं औषध द्यायचं, देवीच्या लसीसाठी दवाखान्याशी बोलून दिवस ठरवायचा, ही नेहमीची कामं. ती वहीत लिहिता येतात. पण कुणी धावत येऊन हाक मारली तर बहुतेक वेळा निरोप एकच असतो: कोंबडी अडलीय, अंडं बाहेर येत नाही.

अशी कोंबडी उभी राहते तीच निराळी. छाती वर, शेपटी खाली, पाय फाकलेले. शेपटी श्वासागणिक हलते. अंडी घालायच्या टोपलीत जाते, बसते, उठते, पुन्हा जाते. जोर करते आणि पडतं ते थोडं पांढरं पाणी, कारण पुढे येऊन थांबलेलं अंडं शिट यायची वाटही दाबून धरतं. काही कोंबड्या लंगडतात. पायाकडे जाणाऱ्या नसा अंड्याखाली चेपलेल्या असतात. घरचे म्हणतात, वारं गेलं. कोंबडीच्या छातीत आणि पोटात आपल्यासारखा पडदा नसतो, तिच्या हवेच्या पिशव्या पार पोटापर्यंत पसरलेल्या असतात. त्यामुळे पोटात अडथळा आला की श्वासही अपुरा पडतो आणि चोच उघडी राहते. इथवर आली असेल तर हातात फार वेळ नाही, असं मी समजते.

आधी मात्र ती अडलेलीच आहे ना, हे ठरवावं लागतं. खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडीही दिवसभर टोपलीत बसते, पिसं फुलवते, खाणं कमी करते, आणि नवख्या सुना घाबरून मला बोलावतात. खुडकीच्या अंगाखाली हात घालून बघावा: ती गुरगुरते, चोच मारते, पिसं आणखी फुलवून जागा अडवते, आणि दिवसातून एकदा उठून भलीमोठी शिट टाकते. अडलेली कोंबडी हाताला विरोध करत नाही. एरवी अंगणात धरायला अर्धा तास लावणारी कोंबडी गुपचूप हातात आली, की मला काळजी वाटू लागते.

धरायचीही रीत आहे. कोंबडीची छाती हलते तेव्हाच हवा आतबाहेर होते. दोन्ही हातांनी छाती आवळली तर कोंबडी हातातच गुदमरू शकते. तिचं डोकं माझ्या कोपराकडे, पाय बोटांच्या बेचक्यात, तळहात छातीच्या हाडाखाली फक्त आधाराला. मग दुसऱ्या हाताने मागची वाट चाचपायची. वाटेच्या दोन्ही अंगांना दोन बारीक टोकदार हाडं लागतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या या हाडांमध्ये दोन-तीन बोटं मावतात, अजून अंड्यावर न आलेल्या तलंगेत जेमतेम एक. आमच्याकडच्या जुन्या बाया सकाळी कोंबड्या सोडताना एकेकीला असं चाचपून बघत. जिच्या पोटात अंडं तयार लागे तिला डालग्याखाली ठेवत, म्हणजे ती दुसऱ्याच्या गडग्यात जाऊन अंडं घालणार नाही. त्यांच्या बोटांना जे कळत होतं तेच मी हातमोजा आणि खोबरेल तेल घेऊन करते: बोटाचं एक पेर आत, अगदी हळू. अंडं लागतं. गुळगुळीत टणक असेल तर एक गोष्ट, दाबल्यावर दबत असेल तर दुसरी. दबणारं अंडं जास्त त्रासाचं, कारण आतल्या स्नायूंना ढकलायला त्यावर पकडच मिळत नाही.

ऐन आषाढात, पाऊस धरून बसलेला असताना, कोळीवाड्यातल्या एका सुनेने मला अशीच हाक मारली. पडवीत डालग्याखाली तांबूस कोंबडी, डोळे अर्धे मिटलेले.

"ताई, पांढरं दिसतंय बघा. हात घालून काढा ना."

तिची सासू उंबऱ्यावरून म्हणाली, "फोडून काढ गो. एकदाची सुटेल बिचारी."

दोघींचंही मन त्या कोंबडीवर होतं आणि दोघीही जे सुचवत होत्या त्याने ती मेली असती. ओढून काढलेल्या अंड्याबरोबर आतलं मऊ अंगही बाहेर येतं. फोडलेल्या अंड्याच्या कवचाच्या धारदार कडा नळीला कापतात, बलक आत सांडतो आणि काही दिवसांत पोटात पू होतो. पशुवैद्य कधीकधी सुईने अंड्यातला ऐवज ओढून घेऊन कवच आत दबवतात. पण ते त्यांचं काम, त्यांच्या हत्यारांनी आणि त्यांच्या जबाबदारीवर. पडवीत बसून करायचं नाही.

मी कोमट पाणी मागितलं. पसरट टोपात, लहान बाळाला घालतो तेवढ्या उबेचं. कोंबडीच्या अंगाचीच ऊब 41 अंशांच्या आसपास असते, त्यामुळे आपल्या हाताला जरा कोमट वाटणारं पाणी तिला बेताचं लागतं, आणि कढत पाणी घातलं तर ती भेदरते. पोट आणि मागची बाजू बुडेल इतकंच पाणी. पाठ, पंख, डोकं वर. सुरुवातीला ती फडफडते. मग ऊब आत पोचते, मान सैल पडते, डोळे मिटतात. अर्धा तासभर तिला तशीच धरून ठेवायची, पाणी निवलं की थोडं गरम ओतायचं. एवढंच. या अर्ध्या तासात कुणाला काही करता येत नाही आणि हीच वेळ घरच्या माणसांना सोसत नाही. कुणी म्हणतं पोट चोळा, कुणी म्हणतं दारू पाजा. चोळायचं असलंच तर बोटांच्या टोकांनी, पुढून मागे, अंडं आहे याची फक्त जाणीव व्हावी इतकं. जोर लावायचा तो तिने.

हा वेळ मी विचारपूस करण्यात घालवते.

"काय घालता खायला?"

"कणी, कोंडा, उरलेला भात. कधी खोबऱ्याचा चोथा."

"बाहेर सोडता?"

"पाऊस लागल्यापासून नाही. मागे कोल्ह्याने एक नेली."

"आधीची अंडी?"

ती थांबली. "परवाचं मऊच होतं. कवच नव्हतंच म्हणा. मांजराला टाकलं."

या तीन उत्तरांत त्या कोंबडीचं सगळं दुखणं होतं.

बलक अंडाशयातून सुटतो तिथपासून अंडं बाहेर पडेपर्यंत 24 ते 26 तास जातात. पांढरा भाग चढायला सुमारे 3 तास, त्यावरच्या पातळ पापुद्र्यांना तासाभराहून थोडं जास्त, आणि उरलेला जवळजवळ सगळा वेळ, म्हणजे 20 तासांच्या आसपास, कवचाला. कोंबडी दाणे टिपते दिवसा आणि कवचाचा मोठा भाग घडतो रात्री. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. रात्री पोटात ते नसेल तर ती आपल्या हाडांतून काढते. अंड्यावर आलेल्या मादी पक्ष्याच्या लांब हाडांच्या पोकळीत त्यासाठीच एक वेगळं, भुसभुशीत हाड तयार होतं. त्यात साठा होतो आणि तिथूनच उचल होते. माँटानात सापडलेल्या टायरॅनोसॉरसच्या मांडीच्या हाडात असाच थर दिसल्याचं शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये मांडलं. पुतण्याने मला ते वाचून दाखवलं तेव्हापासून मी पडवीतल्या कोंबडीच्या पायांकडे जास्त आदराने बघते. कोट्यवधी वर्षांपासून आया आपल्या हाडांतून अंड्यांना कवच देत आल्या आहेत.

पण साठा भरायला तर हवा. भाताच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. कणीत तर दोन्ही नावालाच. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं. एरवी मोकळी फिरणारी कोंबडी गोगलगाई, किडे, चुन्याचे खडे, भिंतीचा गिलावा टोचून ते जमवते, आणि अंगावर पडणाऱ्या उन्हाने तिला डी जीवनसत्त्व मिळतं, ज्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून अंगात फारसं जात नाही. आषाढात हे दोन्ही दरवाजे बंद होतात. आधी कवच पातळ होतं, मग एखादं अंडं बिनकवचाचं पडतं. रक्तातलं कॅल्शियम आणखी उतरलं की स्नायूंनाच आकसता येत नाही, कारण आकसण्यासाठीही तेच लागतं, आणि अंडं वाटेत थांबतं. म्हणजे परवा मांजराला टाकलेलं अंडं हीच कोंबडीची पहिली हाक होती. मला कुणी त्या अंड्यासाठी बोलावलं तर किती बरं होईल, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते.

मे महिन्यातल्या पातळ कवचाचं कारण वेगळं. उकाड्यात कोंबडी धापा टाकते, त्याबरोबर अंगातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेटच कमी पडतो. तिथे सावली आणि गार पाणी हवं.

पाण्यातून काढल्यावर कोंबडीला नीट पुसून कोरडी करावी लागते, नाहीतर आपणच तिला गारठवून मारायचो. चुलीच्या उबेला फडक्यात गुंडाळली. मागच्या वाटेला आतून खोबरेल लावलं. कॅल्शियमचं औषध डॉक्टरांना फोनवर विचारून, त्यांनी सांगितलेल्या मापाने, चोचीच्या कडेने थेंब थेंब दिलं. चोच वर करून घशात ओतलं तर ते श्वासनळीत जातं. अशक्त कोंबडीला ठसकायचंही बळ नसतं. मग अंधाऱ्या कोपऱ्यात, गवतावर, वरून पोतं टाकून डालगं. आणि तिथून उठून जायचं. हे मला सगळ्यांत जास्त वेळा सांगावं लागतं. दर पाच मिनिटांनी पोतं उचलून बघितलं तर ती अंग आखडून धरते.

एवढ्यात तिचा दीर कुठूनसा आला. म्हशीला पान्हा सोडायला देतात ते इंजेक्शन आहे, टोचू का, म्हणाला. त्याला मी बसवून समजावलं. ते ऑक्सिटोसिन. पक्ष्यांच्या अंगात त्याच कामाचा आपला निराळा संप्रेरक असतो, तरी ऑक्सिटोसिननेही नळी जोरात आवळते. पण पुढची वाट बंद असेल, अंडं आडवं असेल किंवा नळीला चिकटलं असेल, तर आवळून आवळून नळी फाटते. वाट मोकळी आहे हे तपासून, आधी कॅल्शियम देऊन, गरज वाटली तर डॉक्टर ते वापरतात. अंदाजाने टोचायची ती वस्तू नव्हे. रात्रीपर्यंत अंडं आलं नाही तर सकाळी दवाखाना, नाहीतर जनावरांच्या दवाखान्याच्या मदतीसाठी असलेल्या 1962 या क्रमांकावर फोन, असं आम्ही ठरवलं. मी वाट बघायला सांगते तेव्हा वाट कुठवर बघायची तेही सांगून ठेवते. दिवस उलटला की कोंबडी हातची जाऊ लागते.

अंडं दिवेलागणीला आलं. खरखरीत, एका टोकाला इतकं पातळ की आतलं हलताना दिसावं. कोंबडीने पाणी पिऊन लगेच शिट टाकली, आणि त्या शिटेचा मला अंड्याहून जास्त आनंद झाला. वाट मोकळी झाली होती.

सगळ्या इतक्या सोप्या सुटत नाहीत. जोर करून करून अंग बाहेर येतं, लालबुंद गोळ्यासारखं, आणि बाकीच्या कोंबड्या ते लाल बघून टोचायला धावतात. टोचून आतडी बाहेर काढलेली कोंबडी मी पाहिली आहे. तिथे पहिलं काम वेगळी करणं, औषध त्यानंतर. स्वच्छ पाण्याने धुवायचं, सूज जास्त असेल तर साखर दाबून लावायची, ती पाणी ओढून घेते, मग तेलाच्या बोटाने हळूच आत सारायचं आणि अंधारात ठेवायचं. पहिल्या दिवसात केलं तर राहतं. तलंग वयाच्या मानाने लवकर अंड्यावर आली किंवा दोन बलकांचं अंडं घालू लागली तर हा धोका जास्त. आणि लठ्ठ कोंबडीला, भातावर भात खाऊन पोटात चरबी साठलेल्या कोंबडीला.

ज्यात मला काहीच करता येत नाही ते दुखणं म्हणजे बलक नळीत न जाता पोटात पडणं. पोट लोंबतं, हाताला पाण्याने भरलेलं लागतं, कोंबडी पाय फाकून चालते, अंडी बंद होतात. आत जंतूंनी घर केलेलं असतं. पशुवैद्य पाणी काढून चार दिवस आराम देऊ शकतात. पुढे काय होणार हे मी घरात स्पष्ट सांगते, आणि तिला फार दिवस ओढत ठेवू नका म्हणते. अशी कोंबडी खायला घेऊ नये. ज्या कोंबडीला जंतुनाशक औषध दिलं तिची अंडीही डॉक्टर सांगतील तितके दिवस टाकून द्यायची, विकायची तर मुळीच नाहीत. इथे माझी कधीकधी भांडणं होतात. होऊ देते.

कोळीवाड्यातल्या त्या सुनेला मी घरामागचा ढीग दाखवला. तिसऱ्या, कालवं, शिवल्या. खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा वर्षानुवर्षांचा थर. विकतची पिशवी आणायची गरजच नव्हती. शिंपले भाजायचे, म्हणजे सहज फुटतात, आणि तुरीच्या डाळीएवढे तुकडे करायचे. पीठ नाही. बारीक पूड पोटातून लगेच निघून जाते. तुकडा पेषणीत रात्रभर झिजत राहतो, आणि कवच घडत असतं तेव्हाच कॅल्शियम रक्तात येतं. म्हणून संध्याकाळी, खुराड्यात जायच्या आधी. खाद्यात मिसळायचे नाहीत, वेगळ्या करवंटीत ठेवायचे. जिला हवं ती खाते. पिल्लांना आणि कोंबड्याला तेवढं कॅल्शियम लागत नाही, पिल्लांच्या मूत्रपिंडांना तर ते बाधतं.

कोंबडीची जात हा आणखी एक मुद्दा. तिची कोंबडी ग्रामप्रिया होती. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया या जाती चांगल्या आहेत, गावात त्यांनी पैसा आणला. पण त्या गावठीपेक्षा खूप जास्त अंडी देतात आणि सहसा खुडूक होत नाहीत. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. आमची गावठी दहा-बारा घालून खुडूक होते, 21 दिवस बसते, मग पिल्लं फिरवते. तेवढे महिने तिची हाडं भरून निघतात. जी थांबतच नाही तिला खायला घालताना ती गावठी आहे असं धरून चालत नाही. ज्यादा अंड्यांचं खाद्यही ज्यादा लागतं. पिल्लं वाटताना हे कुणी फारसं सांगत नाही.

म्हणून मी तिला श्रावणाचा उपाय सुचवला. श्रावणात बऱ्याच घरांत अंडं चालत नाही, गिऱ्हाईकही कमी. त्या महिन्यात कोंबडीला लवकर अंधारात घ्यायची, सकाळी उशिरा सोडायची. दिवसाचा उजेड कमी मिळाला की अंडी मंदावतात, कधी थांबतात. शिंपले, कडधान्याची चुरी, सुकटीचा चुरा चालू ठेवायचा. पुन्हा कळपात सोडताना रात्री, सगळ्या बसल्यावर, मध्ये ठेवायची, नाहीतर परकी समजून टोचतात.

"आणि परत अडली तर?" तिने विचारलं.

दुसऱ्यांदा अडलेली कोंबडी बहुतेक तिसऱ्यांदाही अडते, हे मी तिला तसंच सांगितलं. पुढचं तिने ठरवायचं. आमच्याकडे अंड्यांचा पैसा घरातल्या बाईचा असतो, त्याचा हिशोब कुणी मागत नाही, आणि कोंबडीचा निर्णयही तिचाच असावा असं मला वाटतं.

तिच्या सासूशी मात्र माझं बोलणं बाकी होतं. त्यांच्याकडे दोन गावठी कोंबड्या खुडूक झालेल्या, आणि अंडी थांबली म्हणून त्या त्यांना पाण्यात बुचकळून, नाकात पीस घालून खुडूक मोडत होत्या. त्यांच्या आईने हेच केलं, तिच्या आईनेही. मी म्हटलं, "मावशी, अंडी उबवायची नसली तर नका ठेवू खाली. पण बसू दे तिला. आठ-पंधरा दिवस खायला-प्यायला उठवा, शिंपले ठेवा, आणि बसू दे." त्या काही बोलल्या नाहीत. नाकातलं पीस त्यांनी माझ्यासमोर काढलं, एकीचंच. दुसरी सापडत नव्हती. ती गडग्यापलीकडे करवंदीच्या जाळीत जाऊन बसली होती.